सुनंदाच्या हातून आलेला दिवाळी अंक

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. सासूबाई शेवटच्या आजारात माझा हात धरून पडल्या होत्या, तेव्हा त्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं — पण ते राहू द्या. आधी वाचनालयाबद्दल सांगते, तेवढाच मला वेळ मिळेल.

लग्न होऊन मी सेलूला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. माहेर वर्ध्याचं, कॉलेज पूर्ण केलेलं, आणि सासरी किराण्याचं दुकान. घर दुकानाच्या मागे. दिवसभर जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधायच्या, आणि कुणी विचारलं की मी कोण, तर अमक्या सेठची सून. एकदा नवऱ्याला म्हटलं, मी वाचनालयात नाव घालू का? तो म्हणाला, घाल की. एवढं सोपं होतं ते, मीच दोन वर्षं उगाच घाबरत होते.

दोन खोल्यांचं वाचनालय. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं, तिथे रिटायर झालेली मंडळी एकाच पेपरची पानं वाटून घेऊन वाचत आणि मधल्या पानावरून भांडत. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं भिंतीला टेकून बसलेली. मागच्या खोलीत कपाटं, आणि कपाटांच्या आडोशाला ग्रंथपाल गुरुजींनी बायकांसाठी मुद्दाम टाकलेला एक बाक. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, स्वभावाने मऊ. नवीन पुस्तक आलं की ते माझ्यासाठी टेबलाच्या खणात ठेवत. ‘आमच्या वाचक’ असं ते माझ्याबद्दल इतरांना सांगत. तुम्हाला हसू येईल, पण त्या एका शब्दावर माझा आठवडा जायचा. घरी मी सून होते, दुकानात वहिनी होते. तिथे मी वाचक होते, आणि तसली एकटीच होते.

मग सुनंदा आली.

सुनंदा केळझरची. घरची थोडी ओलिताची जमीन, त्यात वांगी, मेथी, सांबार — कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो. बाजाराच्या दिवशी ती आमच्याच दुकानाच्या ओट्याला टेकून पाटी मांडायची. दहावीपर्यंत शिकलेली, माझ्याहून वयाने लहान, आणि आवाज असा की चार दुकानं पलीकडे कळावं, सुनंदा आली. एकदा तिने मला विचारलं, ‘वहिनी, तुम्ही हे पुस्तकं कुठून आनता वो?’ मीच तिला वाचनालयाचा रस्ता दाखवला. हो, मीच. मोठेपणा वाटला होता मला तेव्हा.

भाजी संपली की रिकामी पाटी आमच्या ओट्यावर टाकून ती वाचनालयात पळायची. शेवटच्या बसपर्यंत बाकावर मांडी घालून वाचत बसायची. घरी गेलं की चूल, गुरं, सासरा, लहान लेक, तिथे कुठलं वाचणं? ती म्हणायची, ‘इथं बसली का मले कोनी ऊठ म्हनत नाई.’ बोट ओलं करून पानं उलटायची, मोठ्याने हसायची, पुढच्या खोलीतली मंडळी चष्म्यावरून बघायची. मला वाटलं होतं, गुरुजी तिला चांगलंच झापतील. गुरुजी कौतुकाने बघत राहिले. आणि एक दिवस मी नवीन पुस्तक मागायला गेले, तर खण रिकामा. ‘सुनंदाला दिलं हो. ती आठवड्यात परत करते. तुम्ही महिना लावता.’ ते सहज म्हणाले, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती घरी आल्यावर पोळ्या लाटतानाही उतरली नाही.

पण हे कारण नव्हे. एवढ्यावर कुणी तसं करत नाही — निदान मी केलं नसतं, असं वाटतं.

खरं कारण सासूबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती. माझ्या वाचण्याला त्यांनी कधी मनाई केली नाही, पण नाक मुरडल्याशिवाय राहिल्याही नाहीत. ‘डोकं घालून बसली पुस्तकात’, बस एवढंच. सुरुवातीला मी दोन-तीनदा त्यांना गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. त्या मधेच उठून दूध बघायला जायच्या. आणि एका बाजाराच्या दिवशी मी आतून बाहेर येते तर काय — सासूबाई ओट्यावर पाय सोडून बसलेल्या, सुनंदा मेथीची जुडी हातात धरून गोष्ट सांगते आहे, नवऱ्याचा आवाज वेगळा, बायकोचा वेगळा, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसताहेत. ‘मंग? मंग काय म्हटलं वो तिनं?’ गिऱ्हाईक दोन बायाही भाजी विसरून उभ्या. ते पुस्तक मी वाचलेलं होतं. सुनंदाच्या आधी वाचलेलं. त्यात हसण्यासारखं काही आहे हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून सासूबाई बाजाराच्या दिवसाची वाट बघायला लागल्या. तिच्यासाठी चहा ठेवायला मला सांगायच्या. मी चहा ठेवायचे. जळायचे — दुसरा शब्द कशाला शोधू? चहात साखर कमी टाकायचे. इतकी खालची पातळी होती ती, सांगून ठेवते.

आता दिवाळी अंकांचं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. दर दिवाळीला वाचनालय अंक घ्यायचं, आणि आमच्या गावात ते अंक हातोहात फिरायचे. वाचून झाला की वाचनालयात परत न देता पुढच्या वाचकाला नेऊन द्यायचा. गुरुजींनी क्रम ठरवलेला असायचा. घेताना पानं चाळून घ्यायची, फाटलं-बिटलं असेल तर तिथल्या तिथे दाखवायचं, असा नियम होता. पण तो नियम कुणी पाळत नव्हतं. देणाऱ्या बाईच्या तोंडावर पानं तपासायची म्हणजे तिच्यावर शंका घेतल्यासारखं, म्हणून सगळ्या जणी अंक घ्यायच्या, पदराखाली धरायच्या आणि चहा पिऊन जा म्हणायच्या. त्या दिवाळीला सुनंदानंतर माझा नंबर होता. ती आमच्याच ओट्यावर येते, तेव्हा सोयीचं, असं गुरुजींना वाटलं.

अंक देताना सुनंदा म्हणाली, ‘वहिनी, शेवटची मोठी गोष्ट पहिले वाचजा. मावशीले अर्धीच सांगतली मी. बाकीची पुढच्या बाजारी.’ सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, ‘अवं, ते जाऊ परत येते का नाई, एवढं तं सांगून जा!’ सुनंदा हसत बसकडे पळाली. गोष्ट दोन जावांची होती. धाकटी घर सोडून जाते, आणि थोरली रोज एक भाकरी जास्तीची थापते. धाकटी परत येते की नाही, ते शेवटच्या पानांवर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा माल आणायला वर्ध्याला गेलेला, सासूबाई झोपलेल्या. मी गोष्ट वाचली. चांगली होती. मला रडू आलं. आणि रडता रडताच मनात आलं, की पुढच्या बाजारी ही गोष्ट सुनंदा सांगेल, आणि मी आत चहा ठेवत असेन.

मी ती शेवटची पानं फाडली.

रागाच्या भरात नाही फाडली. तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. विचार करून फाडली. कात्रीने नीट कापली असती तर मुद्दाम केलेलं दिसलं असतं, म्हणून ओढून फाडली — कडा वेड्यावाकड्या राहतील अशी, धसमुसळ्या हाताने फाटल्यासारखी. मग सुनंदासारखं बोट ओलं करून उरलेल्या पानांच्या कोपऱ्यांवर फिरवलं. फाडलेली पानं दुकानातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात सरकवली. संध्याकाळी नवऱ्याने त्याच गठ्ठ्यातून पुड्या बांधल्या.

गुरुजींकडे अंक घेऊन गेले आणि म्हणाले, असा आला. नाव कुणाचंच घेतलं नाही. नाव घ्यायची गरज काय होती?

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजींच्या निरोपावरून सुनंदा पाटी मांडायच्या आधीच वाचनालयात आली, तेव्हा मी बाकावरच होते. जायला नको होतं — पण मला बघायचं होतं. गुरुजींनी तिला शांतपणे विचारलं. लेकराच्या हाती लागला असेल, होतं असं, चूक झाली म्हण आणि विषय संपव, असंही म्हणाले. पुढच्या खोलीतली माणसं पेपर खाली ठेवून ऐकत होती. सुनंदा माझ्याकडे वळली. ‘वहिनी, तुमच्या हाती देल्ला तवा अंक धड होता ना?’

मी म्हणाले, ‘मी तेव्हा चाळून नव्हता घेतला.’

हे खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं. खोटं न बोलता एखाद्या माणसाला असं संपवता येतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

सुनंदाच्या तोंडाकडे बघायचं माझं धाडस झालं नाही, मी तिच्या हातांकडे बघत होते. मग ती गुरुजींना म्हणाली, ‘म्या फाडलं नाई तं फाडलं म्हनू कशी? अन् चोट्टी म्हून मले इथं बसाचं नाई.’ तिने पिशवीतून पुस्तक काढलं, त्यावर सभासदाचं कार्ड ठेवलं आणि गेली. गुरुजी दारापर्यंत मागे गेले, ‘अगं ऐक तर’ म्हणत. ती थांबली नाही. चूक झाली एवढं खोटं बोलली असती तर तिचं वाचन चालू राहिलं असतं. मी तर ‘असा आला’ हे त्याहून कितीतरी मोठं खोटं आधीच बोलून बाकावर बसून होते.

त्यानंतर ती आमच्या ओट्याला आली नाही. रस्त्यापलीकडे पाटी मांडायची. सासूबाई विचारायच्या, ‘ते सुनंदा काऊन येत नाई वो आता?’ मी म्हणायचे, काय माहीत. शेवटी एका दुपारी मीच त्यांना गोष्टीचा शेवट सांगायला बसले. धाकटी कशी परत येते, थोरली तिला काहीच न विचारता ताट कसं वाढते, सगळं सांगितलं. या वेळी त्या उठून गेल्या नाहीत, पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, ‘हं. सुनंदानं सांगाले पाह्यजे होतं हे.’ आणि कूस बदलून झोपल्या. एवढं सगळं करून माझ्या पदरात काय पडलं, तर हे.

पुढे वाचनालयाने मला उत्कृष्ट वाचक म्हणून शाल-श्रीफळ दिलं. मी घेतलं. सासूबाई गेल्या. गुरुजी थकले, तसं त्यांच्या मदतीला मी जाऊ लागले. पुस्तकांना क्रमांक घालणं, शिक्के मारणं, कार्डं लावणं. खणाची किल्ली माझ्याकडे आली. लोक म्हणायला लागले, वहिनी आहेत म्हणून वाचनालय आहे.

इथवर सांगून थांबले असते तर तुम्हाला वाटलं असतं, की तरुणपणी एकदा हातून घडून गेलं, पुढे बाई शहाणी झाली. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून आणखी एक सांगायचं आहे. मघाशी ‘दुसरं’ म्हणून थांबले, ते हेच.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. चतुर्थीला मी केळझरच्या गणपतीला गेले होते. दर्शन घेऊन उतरताना समोर सुनंदा. केस पिकायला लागलेले, हातात फुलांची टोपली. मला वाटलं, तोंड फिरवेल. ती थांबली. घरचं विचारलं, सासूबाई गेल्याचं तिला कळलं होतं, तिचे डोळे भरले. तिने माझ्यावर राग धरावा असं मला फार वाटत होतं, पण तिने तो धरलेला दिसत नव्हता. किंवा दिसू दिला नाही, देव जाणे. मग निघता निघता तिने विचारलं, अगदी हळू, तिच्या आवाजाला न शोभेल इतकं हळू —

‘वहिनी, काय नवीन आलं वो वाचनालयात? एखादी गोष्ट सांगा ना. बसा इथं घडीभर.’

पायरीवर तिने पदराने जागा झाडली.

मी त्याच महिन्यात वाचलेली एक गोष्ट जिभेवर आली होती. आणि तेवढ्यात डोळ्यांसमोर आलं — ही ऐकेल, आणि उद्या हीच गोष्ट केळझरच्या बायांना माझ्यापेक्षा चांगली सांगेल. इतक्या वर्षांनंतर. सासूबाईही उरल्या नव्हत्या, तरी.

मी म्हणाले, ‘आजकाल काही चांगलं येतच नाही गं.’

‘हो का,’ ती म्हणाली. झाडलेल्या पायरीवर टोपली ठेवली आणि फुलं सारखी करत बसली.

मी खाली उतरले आणि बसमध्ये बसले. त्या आठवड्यात वाचनालयात नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले होते, सोडलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते सोडले, एकेका पुस्तकावर शिक्का मारला, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं माझ्यासाठी खणात ठेवून किल्ली लावली.