उघडं राहिलेलं सॅम्पल पेज

लॉगिन न करता माझी फाईल कॉलेजच्या वेबसाइटवर चढली. मी ब्राउझर बंद केला, दुसरा उघडला आणि पुन्हा करून पाहिलं. पुन्हा चढली.

मी वेबसाइटची सुरक्षा तपासते. मालकाची लेखी परवानगी घ्यायची आणि चोर जे करील ते त्याच्या आधी करून पाहायचं, असं हे काम. वर्ध्याला नालवाडीत घरातच ऑफिस आहे. ही साइट आर्वीच्या एका ज्युनियर कॉलेजची होती. बनवली होती मंगेशने. मंगेश कारंज्याचा, इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होता. कॉलेजला माझं नाव त्यानेच सुचवलं होतं.

शिक्षक ज्या चौकटीत नोटीस टाइप करतात, अक्षर ठळक करतात, फोटो लावतात, तिला एडिटर म्हणतात. तो कोणी नव्याने बनवत बसत नाही. तयार मिळतो, साइटला जोडायचा. असा जोडलेला भाग म्हणजे प्लगइन. मंगेशने पासवर्ड पक्का ठेवला होता. पण प्लगइनसोबत एक सॅम्पल पेज येतं, एडिटर कसा चालतो ते दाखवायला. ते काढायचं राहून गेलं होतं. तिथला एडिटर पासवर्ड विचारतच नव्हता, आणि फोटोच्या जागी प्रोग्रामची फाईलही घेत होता. फोटो नुसता दिसतो. प्रोग्राम सर्व्हरवर चालतो, आणि टाकणारा सांगेल ते करतो.

माझ्या फाईलमध्ये एक निरुपद्रवी ओळ होती. ती फाईल काढून टाकावी म्हणून मी सर्व्हरवरचा फोल्डर उघडला. स्नेहसंमेलनाच्या फोटोंमध्ये आणखी एक प्रोग्राम पडला होता. माझा नव्हता, आणि जुना होता.

त्याच सर्व्हरवर ॲडमिशनचे फॉर्म जमा होत होते. मुलांची आधार कार्डं, जातीचे दाखले, आईवडिलांचे नंबर.

मंगेशला फोन लावला. फाईलचं नाव वाचून दाखवलं.

“तू टाकली का?”

“मी नाई टाकली.”

“मंग आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलं.”

तो भराभरा म्हणाला, “मी आत्ता डिलीट करतो. सॅम्पल पेजबी काढतो. प्रिन्सिपल सरले सांगू नको.”

“हात लावू नको. त्यानं काय केलं ते त्या फाईलवरूनच समजन. आधी कॉपी घेऊ दे.”

“आर्वीत एकाले समजलं का पुलगाव, हिंगणघाट, सगळीकडे होते. मले काम कोण देईन?”

“तू सांग सरले. मी लाइनवर राह्यते. तू नाई सांगितलं तर मले सांगा लागन.”

त्याने फोन ठेवला. मी वाट पाहत बसले. पलीकडे तो फाईल पुसून तर टाकत नाही ना, म्हणून फोल्डर पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. शेवटी त्याचाच फोन आला. प्राचार्य ढोले सर लाइनवर होते. मंगेशने अडखळत, पण सगळं सांगितलं. साइट बंद करावी लागेल, हे मी सांगितलं.

“बंद काऊन? खेड्यातले पोरं मोबाइलवरून फॉर्म भरून राह्यले.”

“सर, ते फॉर्म दुसऱ्या कोणाच्या हाती जात असतील.”

“जात असतील, का जाऊन राह्यले? एक सांगा.”

“माहीत नाही, सर.”

“मंग तुम्हाले बोलावलं कायले?”

“साइट चालू ठेवली तर खुणा पुसल्या जातील, मग ते कधीच कळणार नाही.”

मागे वर्गांचा गलका ऐकू येत होता. “करा बंद,” ते म्हणाले.

मंगेश एसटीने नालवाडीला आला. आम्ही दोघं लॉग वाचत बसलो. साइटवर कोण आलं आणि त्याने काय मागितलं, याची सर्व्हर ठेवतो ती नोंद म्हणजे लॉग. आलेल्याने कॉलेजच्या साइटमध्ये लपवून जाहिरातींची पानं टाकली होती. फॉर्मच्या फोल्डरकडे तो फिरकल्याचं कुठे दिसेना.

“वाचलो,” मंगेश म्हणाला.

मी लॉगच्या सुरुवातीला गेले. सर्व्हर भाड्याने देणारा होस्टिंगवाला थोड्याच दिवसांचा लॉग ठेवत होता. ती फाईल त्या लॉगच्या बरीच आधीची होती; मधल्या दिवसांत तो कुठे फिरला, याची नोंदच नव्हती.

साइट नव्याने उभी केली. सॅम्पल पेज काढलं, फोटोंच्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालणार नाही अशी सोय केली, फॉर्म दुसरीकडे हलवले. तोवर कॉलेजने फॉर्म कागदावर घेतले. मंगेशने आपल्या बाकीच्या साइट तपासल्या आणि त्यांच्या प्रत्येक मालकाला स्वतः फोन केला. काहींनी काम काढून घेतलं.

रिपोर्टमध्ये “माहिती चोरीला गेली नाही” एवढंच लिहा, असं ढोले सर म्हणत होते. मी लिहिलं, गेल्याचा पुरावा सापडला नाही, आधीचा लॉग उपलब्ध नाही. त्यांना ते आवडलं नाही. तरी त्यांनी पालकांची सभा घेतली, मलाही बोलावलं आणि तेच वाचून दाखवलं.

एक बाई उभ्या राहिल्या. “मंग माह्या पोरीचं आधार कार्ड गेलं का नाई?”

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून आधार लॉक कसं करायचं ते दाखवलं, ओटीपी कोणाला सांगू नका म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आता भेतच राहा लागन,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

‘सापडलं नाही’ आणि ‘झालं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. क्लायंटला नेहमी दुसरं हवं असतं. मला बहुतेक वेळा पहिलंच देता येतं.