बांध नसलेलं शेत

जगात कुणावरच विश्वास न ठेवणारा माणूस बघायचा असेल तर उगाच भटकू नका. बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडा आणि गोराईत माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना भेटा. कुणाकडे गेले की काका एक चप्पल दाराबाहेर ठेवतात आणि दुसरी पिशवीत घालून आत नेतात. आमच्या सोसायटीची आठवड्याची भाजी त्यांच्या शेतातून येते आणि ती व्यवस्था माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी मी डिजिटल काटा काढला, तर म्हणाले, "यात बॅटरी आहे. ती कुणाच्या बाजूची?" तेव्हापासून त्यांचा तराजूही सोबत येतो.

शेत सहा भावांचं, सामाईक. त्यांत थोरले आमचे काका. वाटणी त्यांनी कधी होऊच दिली नाही. "बांध घातला की तो रात्री चालायला लागतो," हे त्यांचं कारण. एकटा कुणी शेतात उतरला की बाकीच्यांना शंका, म्हणून पेरणी एकत्र, काढणी एकत्र. विकायच्या माठाच्या भाजीवर कुणी गुपचूप औषध मारेल, म्हणून ज्या वाफ्यातली भाजी विकायची त्यातलीच जुडी सहाही घरांत शिजते. आम्हाला इतकी स्वच्छ भाजी मिळते ती निव्वळ या संशयाच्या कृपेने.

गेल्या वर्षी एक रिसॉर्टवाला जमीन विचारत आला. धाकटा भाऊ विहिरीपाशी सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, वाटणी कर. माझा तुकडा मी विकतो."

"आणि विहीर कुणाच्या तुकड्यात जाणार?"

"तू विषय बदलू नकोस. उद्या आमच्या माघारी तूच सगळं विकशील. तुझा काय भरवसा?"

"काहीच नाही," काका समाधानाने म्हणाले. "म्हणून सांगतो, दर रविवारी या आणि माझ्यावर लक्ष ठेवा."

एरवी नोकरीच्या नावाखाली शेतात येणं चुकवणारे भाऊही यायला लागले. नुसतं उभं राहून लक्ष तरी किती ठेवणार? सगळे खुरपायला बसले.

यंदा काकांना नीट दिसेनासं झालंय. परवाच्या रविवारी विहिरीच्या कठड्यावर बसून त्यांनी मला हळूच विचारलं, "पाचही भाऊ आलेत ना गं? मोज जरा."

शेतात चौघे वाकलेले होते. धाकट्याने वाटणीसाठी वकील गाठलाय, हे मैत्रिणीने मला बोटीतच सांगितलं होतं. काकांच्या कानावर अजून कुणी घातलं नव्हतं.

"पाचही आहेत," मी म्हटलं.

परत मोज म्हणतील, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. काकांनी फक्त मान हलवली आणि उन्हात डोळे मिटून बसून राहिले.