रक्ताची गोळी

रुग्णालयात तिला सगळे रेघबाई म्हणतात, तिच्या तोंडावरही. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणं, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. त्यासाठीच्या निळ्या झाकणाच्या नळीत आधीच थोडं औषध असतं. रक्त बरोबर रेघेपर्यंत भरलं नाही तर औषध जास्त पडतं आणि आकडा फसवा येतो. रेघेखाली भरलेली नळी ती परत पाठवते. वॉर्डातल्या नर्स म्हणतात, हिच्या घरी चहाच्या कपालाही रेघ असणार.

त्या दिवशी सकाळी सातला आलेली नळी एका निवृत्त शिंप्याची होती. चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवून त्याचा उजवा गुडघा पार गेला होता. नवा गुडघा साडेनऊला बसायचा होता. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून तो रक्त पातळ करणारी गोळी घ्यायचा. ती पाच दिवस आधी बंद करायला सांगितली होती. आकडा दीडच्या खाली हवा. आला दोन पूर्णांक सात.

सर्जनचा फोन आला. "बाई, नळी कमी भरली असेल."

"रेघेपर्यंत आहे."

"पाच दिवस गोळी बंद आहे म्हणतोय तो."

"दुसरी घेते. मी स्वतः."

ती वर गेली, दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, खाली येऊन पुन्हा यंत्रात लावलं. पुन्हा दोन पूर्णांक सात. या आकड्यावर गुडघा उघडला तर रक्त थांबवणं अवघड. तिने फोन करून आकडा सांगितला आणि परत वर गेली.

"काका, कुठली गोळी बंद केलीत?"

"रक्ताची. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गोळी बंद."

"दाखवता?"

उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, पिशवीतून लाल गोळ्यांची पट्टी काढली. "ही. मीच बाजूला ठेवली."

ती लोहाची होती, रक्त वाढवण्याची.

"आणि दुसरी, बारकी?"

"ती हृदयाची ना? ती कशी बंद करणार? रोज जेवण झालं की मीच हातावर ठेवते. कालही दिली."

रेघबाई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सांगितलं, रक्त पातळ करणारी, बंद करायची गोळी ती बारकीच. काकूंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "म्हणजे मीच..."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा काही वेळेवर दिलंस," काका म्हणाले, "तेच नेमकं नडलं बघ."

काकूंना हसू आलं नाही. काकांनी त्यांचा हात धरला आणि त्या खाली बसेपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जन चिडला, पण काकूंवर नाही. फॉर्मवर 'रक्ताची गोळी' हे त्याच्याच हातचं होतं. सहा दिवसांनी आकडा एक पूर्णांक दोन आला आणि गुडघा बसला.

तेव्हापासून ऑपरेशनला येणाऱ्या प्रत्येकाला रेघबाई गोळ्या घेऊन बोलावते. लोक अख्खी पिशवी काउंटरवर ओततात. त्यातून सुईदोरा निघतो, एकदा कुणाची दाढ निघाली. रांग लांबते. हे लॅबचं काम नाही, असं तिला सांगून झालं आहे. ती हो म्हणते आणि पुढची पिशवी घेते.

महिन्याभराने काका काठी टेकत तपासणीला आले. गोळी पुन्हा सुरू झाली होती. काकूंनी कागद वाचला आणि तो काउंटरवर ठेवला, दोन्ही हातांनी.

"अडीच आलाय."

"हो. आता इतकाच हवा."

"त्या वेळी एवढाच जास्त झाला होता ना?"

"त्या वेळी गुडघा उघडायचा होता. आता हृदयात गुठळी होऊ द्यायची नाही."

काकूंनी कागदाची घडी घातली. "मग मी देत होते ती गोळी चुकीची नव्हती."

"गोळी बरोबर होती. तेवढे पाच दिवस द्यायची नव्हती, आणि ते तुम्हाला नीट कुणी सांगितलं नव्हतं."

"ऐकलंत?" काकू नवऱ्याकडे वळल्या.

"ऐकलं," काका म्हणाले. "आता घरी जाईपर्यंत हेच ऐकतो."