आग्लायावहिनींच्या घरचं तेल

आग्लायावहिनी माझ्या थोरल्या भावाची, प्रोकोपिसची बायको. तो गेल्यापासून लेस्वोस बेटावरची आमची ऑलिव्हची बाग त्याच बघतात. मी हाताखाली असतो. त्यांच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा बरं कुणी हवं होतं, पण त्यांना जवळून पाहिलेला आता मीच उरलोय.

वहिनींनी एक नियम कधी मोडला नाही. आपली फळं परक्या फळांत मिसळायची नाहीत. घाणा भरेल एवढी रास एकट्या आपल्या घरची झाली, की मगच तिकडं जायचं. तोवर काळी पिकलेली फळं मीठ टाकून पोत्यांत पडून असत. शेजारच्या इग्नातिसची फळं आपल्यात गेली तर आपल्या तेलाची ओळख काय राहिली, असं त्या म्हणायच्या. त्याचं तेल त्यांनी कधी जिभेवर ठेवलं नव्हतं.

यंदा वहिनींची नात मिर्सिनी अथेन्स सोडून आली. तिला इथंच राहून तेल विकायचं होतं. मात्र फळं हिरवी असतानाच तोडायची आणि त्याच दिवशी गाळायची, ही तिची अट. नाहीतर ती परत जाणार होती. कच्च्या फळाचं तेल पोटाला बाधतं, एवढं बोलून वहिनींनी विषय संपवला. तिच्या खोलीत त्यांनी नवी चादर घातलेली मात्र मी पाहिली होती.

रविवारी मिर्सिनीनं आम्हाला बागेतल्या विहिरीपाशी बसवलं. तीन वेगवेगळी तेलं चाखायची होती; रंगानं फसू नये म्हणून ती निळ्या पेल्यांत होती. पेला तळव्यात धरून ऊब द्यायची, वर हात झाकायचा, हुंगायचं, मग घोट घेऊन दातांमधून हवा आत ओढायची. तिनं करून दाखवलं.

"लहानपणी सूप असं ओढलं असतंस तर पाठीत धपाटा बसला असता," वहिनी म्हणाल्या.

पहिल्या पेल्यानं त्यांना जोराचा ठसका लागला. घसा जाळायला अथेन्सहून आलीस का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्यावर चेहरा निवळला. "हे आपलं." तिसराही आपलाच, फक्त डबा वेगळा असेल, म्हणाल्या.

"आजी, तिसरं तेल इग्नातिसकाकांचं आहे."

वहिनींनी दोन्ही पेले पुन्हा हुंगले. मिर्सिनी हळूच म्हणाली, की पोत्यात फळं आंबतात, म्हणून गावातलं सगळंच तेल असं लागतं.

"म्हणजे आम्ही पोत्याची चव जपत बसलो. आणि पहिलं?"

"या विहिरीजवळच्या झाडांचं. काल फळं तोडली, मैत्रिणीच्या छोट्या यंत्रावर गाळली."

वहिनींनी पहिला पेला परत घेतला. या वेळी न सांगता वर हात झाकला. ठसका लागलाच, पण त्यांनी पेला ठेवला नाही. मग झाडांकडे वळल्या.

"लग्न होऊन आले तेव्हापासून यांना पाणी घालतेय," त्या म्हणाल्या.

मला वेगळीच काळजी. एका दिवसात आमची तोडणी होऊन होऊन किती होणार? तेवढ्यानं गावचा घाणा भरायचा नाही. ते वहिनींच्याही ध्यानात आलं असावं. त्या उठून बांधापाशी गेल्या. पलीकडे इग्नातिस फांद्या छाटत होता.

"तुझी फळं अजून हिरवीच आहेत ना रे?"

"आहेत. का, नजर लावताय?"

"उद्या तोडू. तुझी नि आमची एकत्रच घाण्यावर जातील."

वहिनींना ताप चढलाय की काय, अशा नजरेनं इग्नातिस माझ्याकडे बघत राहिला. मी खांदे उडवले आणि फळं झेलायला झाडांखाली पसरायच्या जाळ्या माळ्यावरून काढायला गेलो.