कोरसमधली तिसरी रांग

गाण्यांच्या बाबतीत मी आगाऊ आहे, हे आधीच सांगते. कुणी नुसतं म्हटलं, 'काहीतरी चांगलं सुचव ना', की माझी गाडी सुटते. भांडण झालंय? मग गझलांचा हा अल्बम, पण दुसऱ्या गाण्यापासून. धावायला जातोस? मग हा मेटल बँड, फक्त गुडघे सांभाळ. चपात्या लाटताना जॅझ ऐकावं. चपात्या गोल होत नाहीत, पण कंटाळाही येत नाही.

पवईतल्या आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी जेवणानंतर एकाने आपला आवडता अल्बम मीटिंग रूममध्ये लावायचा, अशी पद्धत आहे. नियम एकच, गाणं पुढे ढकलायचं नाही. माझ्या पाळीला खुर्च्या कमी पडतात. तरी तीन वर्षं मी जगभरातलं सगळं लावलं आणि घाटकोपरच्या घरात आईच्या साड्यांखाली ठेवलेली एक कॅसेट तेवढी टाळली.

भीमगीतांची कॅसेट. आईच्या लग्नाआधीची. तिच्या वस्तीतल्या बायकांनी त्यात कोरस दिला होता आणि त्या बायकांत तीही होती. मी भित्री होते, दुसरं काय! भीमगीतं लागली की लोक गाणं ऐकत नाहीत, लावणाऱ्याकडे बघतात, असं मला वाटायचं. ज्या आवाजावर वाढले तोच लपवत होते आणि वर चांगल्या संगीतावर भाषणं ठोकत होते. या एप्रिलमध्ये माझी मलाच लाज वाटली. कॅसेटची पहिली बाजू फोनवर उतरवून घेतली आणि शुक्रवारी लावली.

आधी खरखर, मग ढोलकी. आमच्यातला एक जण शनिवार-रविवारी बँडमध्ये ड्रम वाजवतो; त्याला सहसा काही आवडत नाही. तिसऱ्या गाण्यात त्याने बोट वर केलं. "ती कोरसमध्ये मागून एक बाई येते ना, सगळ्यांच्या वरून, कसली भारी गाते यार! कोण आहे ती?"

कव्हरवर गायक, कवी, ढोलकीवाला, सगळ्यांची नावं आहेत. तिच्यासाठी फक्त 'महिला कोरस' एवढंच.

"माझी आई," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की काचेबाहेरच्या टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. आजवर कुठल्याही बँडचं नाव घेताना मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

घरी आई मेथी निवडत होती. तिला सांगितलं, तर ती आधी फणकारलीच. "मागूनच येणार ना! माइक एकच, आणि माझा आवाज मोठा. मला तिसऱ्या रांगेत दाराजवळ उभी केली होती. म्हणे, ताई, तुम्ही जरा लांबूनच गा."

"लांबून गायलीस तरी तूच ऐकू येतेस."

तिने मेथीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "दुसरी बाजू नाही ना लावलीस?"

"नाही."

"ती लाव. चहाच्या सुट्टीनंतर मी गुपचूप पुढे जाऊन उभी राहिले होते. एकदम माइकसमोर."

पुढच्या शुक्रवारी पाळी माझी नव्हती. मी ती मागून घेतली.