चेंबरमधला गाळ

त्याला सगळे शीकाका म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलेलं होतं. कुठल्याही डिझेल गाडीचं इंजिन उघडलं की तो आधी "शी" म्हणायचा आणि मग कामाला लागायचा. ओरडून नाही, हळूच, दुसऱ्याचं उष्टं भांडं उचलताना म्हणावं तसं. माझं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान त्याच्या गॅरेजला लागूनच आहे. मधली भिंत पत्र्याची. वीस वर्षं तो शब्द मी दिवसातून दहादा ऐकला.

धंदा असा घाणीचा आणि माणूस कमालीचा टापटिपीचा. नखांसाठी वेगळा ब्रश. सगळे पाने एकाच दिशेला तोंड करून टांगलेले. कामाचे कपडे पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. "यांना हिऱ्यांचं दुकान काढायचं होतं, रस्ता चुकून इकडे आले," असं त्याची बायको म्हणायची. पण नाकाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तेलाची डिपस्टिक उपसून नाकाशी धरायची, की इंजिनाला काय झालंय ते निम्मं तिथेच कळायचं. तेलात डिझेल उतरलंय, तेल जळलंय, पाणी शिरलंय, सगळं वासावर.

जुन्या टर्बो-डिझेल इंजिनांवर त्याचा जीव होता, आणि सगळ्यात जास्त शिसारीही त्याला त्यांचीच यायची. "एकोणीसशे सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक," तो मुलीचं स्थळ सुचवावं तसं सांगायचा. "नीट वागवलं तर नातवंडं चालवतील. साडेचार लिटर तेल लागतं, ते चांगलं घाला आणि वेळेवर बदला. नव्वद हजार किलोमीटरवर टायमिंग बेल्ट बदला. लांबून गाडी ताणत आलात तर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर तशीच चालू ठेवा, हवा आत ढकलणारा तो टर्बोचा पंखा तापून लाल झालेला असतो. याच्यापुढे त्याचं काही मागणं नाही."

आणि लोक नेमकं तेवढंच करत नसत. दोन-दोन वर्षं तेल बदलत नसत. मग धूर परत आत फिरवणारा व्हॉल्व्ह काजळीने गच्च व्हायचा आणि हवेचा रस्ता बोटभर उरायचा. इंजेक्टरखालचं वॉशर गळून वर डांबराचा थर बसायचा. टर्बोची पाती चिकटून बसायची आणि गाडी चढावर रडायची. हे सगळं शीकाका खरवडून काढायचा, तोंड वाकडं करून, श्वास रोखून. "इंजिनाची नाही रे किळस येत," एकदा तो मला म्हणाला होता, "ज्यांनी त्याचं हे केलं त्यांची येते."

त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जुन्या गाड्या विकायचा. मोठ्या रस्त्यावर त्याचं आवार होतं, काचेचं ऑफिस, काचेचं टेबल, टेबलावर काचेचा हत्ती. विकायच्या गाड्या तपासून "गाडी ठीक" असा फॉर्म भरून द्यायचं काम शीकाकाकडे होतं. गाड्या ठीक असतील तर सही, नसतील तर दुरुस्ती, असा इतकी वर्षं रिवाज. मेव्हणा चिडायचा, पण ऐकायचा.

एका रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले होते. मेव्हण्याने दाराशी एक राखाडी टर्बो-डिझेल आणून उभी केली होती. अठरा वर्षांची गाडी, मीटरवर किलोमीटर फक्त नव्वद हजार. शीकाकाने पेडलची रबरं पाहिली, ती पार झिजून गुळगुळीत झालेली. डिपस्टिक काढली, वास घेतला. तेल ओतायचं झाकण उघडलं तर आतून काळी जेली लोंबत होती.

"हिचा चेंबर उतरवायला लागेल," तो म्हणाला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असतं ते तेलाचं भांडं. "तळाला गाळ बसलाय. जाळी तुंबली असेल. टर्बोला तेल पोचत नसणार."

"भाऊजी, धूर तर कुठे दिसतोय?" मेव्हणा म्हणाला.

"दाट तेल घातलंयस. वर बाटलीतलं औषधही ओतलंयस. धूर दाबलायस, आजार आहे तिथेच आहे."

"उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. दवाखान्यातली सिस्टर आहे बिचारी, गाडीवाचून अडलंय तिचं. तिचंच काम होतंय ना?"

शीकाका हात धुवायला गेला. परत येऊन ताटावर बसला तर ताटाच्या शेजारी फॉर्म आणि पेन. सासूबाई वाढत होत्या. "करून टाका हो सही, गार होतंय सगळं," त्या म्हणाल्या. बायकोने भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. शीकाकाने सही केली. नुकत्याच धुतलेल्या हातांनी. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना इतकं कडवट तोंड केलं की मला वाटलं आता हा थुंकणार.

सहा आठवडे गेले. एका दुपारी मी सीटला टाके घालत होतो आणि रस्त्यावरून किंकाळीसारखा आवाज आला. बाहेर पाहतो तर गल्लीच्या तोंडापासून निळसर पांढरा धूर, समोरचं दुकान दिसेना. त्या धुरातून ती राखाडी गाडी आली आणि शीकाकाच्या दारात थांबली. इंजिन मात्र थांबेना. सिस्टर चावी हातात घेऊनच खाली उतरल्या. चावी बाहेर काढलेली आणि गाडी आपली अजून चढत्या आवाजात ओरडतेय.

"काका, बंदच होत नाहीये," त्या म्हणाल्या.

टर्बोचं सील फाटलं होतं. इंजिन आता डिझेलवर चालत नव्हतं, स्वतःचंच तेल ओढून जाळत होतं. अशा वेळी चावीचा काही उपयोग नसतो. तेल संपेपर्यंत, फुटेपर्यंत किंवा हवा कोंडेपर्यंत ते धावत राहतं. शीकाका आधी आत बसला, इंजिन बंद पाडायला वरचा गिअर टाकून ब्रेक दाबून पाहिला, पण क्लच घसरत होता. मग त्याने बॉनेट उघडलं. सगळे मागे सरले, मीही सरलो, खोटं कशाला बोलू. हवेच्या फिल्टरचा पाइप त्याने ओढून काढला आणि माझ्या दुकानातला सीटखालच्या प्लायचा तुकडा मागितला. मी तो लांबूनच दिला. त्याने तो इंजिनात हवा जाणाऱ्या उघड्या तोंडावर दाबून धरला. इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि ते गप्प झालं. प्लाय दाबताना त्याचा उजवा हात टर्बोच्या तापलेल्या अंगाला टेकला होता, मनगटापासून कोपरापर्यंत. त्याने तो काढला नव्हता.

हातावर थंड पाणी ओतत सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्यात चला."

"आधी हे बघा," तो म्हणाला. "तुम्ही बघायला हवं."

डाव्या हाताने आणि माझ्या मदतीने त्याने चेंबर उतरवला. तळाला चार बोटं गाळ होता. काळा, चकचकीत, घट्ट. तुंबलेल्या मोरीतून काढावा तसा. तेल ओढणाऱ्या जाळीची भोकं दिसतच नव्हती. वास असा की मी तोंडावर फडकं धरलं. शीकाका नेहमीचा शब्द बोलला नाही. मला तेच विचित्र वाटलं.

"हे सहा आठवड्यांचं नाही, कित्येक वर्षांचं आहे," तो सिस्टरना म्हणाला. "तुमची काही चूक नाही. फॉर्मवर सही माझी आहे."

सिस्टरनी वाकून गाळ पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"वास आला होता."

"मागच्या सीटवर माझे वडील बसायचे. त्यांना धड चालता येत नाही. आज ते घरी होते म्हणून."

शीकाकाने मान खाली घातली.

त्या रिक्षाने गेल्या. शीकाकाने हाताला ओलं फडकं गुंडाळलं, चेंबर गाळासकट उचलला आणि चालायला लागला. ज्या माणसाच्या पायताणाला कधी तेलाचा डाग दिसला नाही, तो माणूस छातीशी ती घाण धरून भर रस्त्याने निघाला. मी दुकान उघडं टाकून मागे गेलो.

मेव्हण्याच्या ऑफिसात एक नवरा-बायको गाडी घ्यायला बसले होते. शीकाकाने चेंबर काचेच्या टेबलावर ठेवला. गाळ हळूहळू कडेला आला आणि हत्तीच्या पायांशी सांडला.

"भाऊजी, काय हे? उचला, लोक बसलेत."

"लोकांनाच दाखवायला आणलंय. तुझ्या राखाडी गाडीच्या पोटातलं आहे. हे तू विकलंस आणि मी ठीक म्हणून लिहून दिलं."

"आपण घरी बोलू ना."

"घरीच तर सही घेतलीस. जेवणाच्या ताटाशी. आता इथे बोल. गाडी परत घेतोस की मी रोज एक चेंबर आणून ठेवू?"

नवरा-बायको उठून गेले. मेव्हण्याने आधी टेबल पुसायला नोकराला हाक मारली, मग सिस्टरना फोन लावला. गाडी परत घेतली त्याने, मनापासून नाही, पण घेतली. शीकाकाने तिथेच नवा फॉर्म मागून घेतला आणि इंजिन नंबर घालून त्यात जे जे सापडलं ते सगळं लिहिलं. जाळी, टर्बो, क्लच, मागे फिरवलेलं मीटर. डाव्या हाताने लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर. त्याची एक नक्कल आजही गॅरेजच्या दारावर चिकटवलेली आहे. ती वाचल्यावर ती गाडी कोणी घेतली नाही. वर्षभर आवारात गंजून ती भंगारात गेली.

घरात मात्र कुरबुर झाली. सासूबाईंनी बोलणं टाकलं. बायको चार दिवस फुगून होती, पाचव्या दिवशी गॅरेजमध्ये आली, धुवायला ठेवलेली जाळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "मी तांब्या पुढे सरकवायला नको होता." एवढंच बोलली आणि घरी गेली. मेव्हण्याने दुसरा तपासणारा शोधला. कसा तपासतो ते मी सांगायची गरज नाही.

हात चिघळला. ड्रेसिंगला दवाखान्यात जावं लागलं, आणि तिथे त्याच सिस्टर. पहिल्या दिवशी शीकाकाने पट्टी सुटताच तोंड फिरवलं, पू आणि वास त्याला सोसेना. सिस्टरनी जखमेवर वाकून शांतपणे ती साफ केली, कडेकडेची मेलेली कातडी एकेक करून काढली.

"तुम्हाला किळस नाही येत?" त्याने विचारलं.

"जखमेची काय यायची?" त्या म्हणाल्या आणि पुढचा कापूस उचलला.

तीन आठवडे तो एक दिवसाआड जात राहिला. त्या चांगलं ड्रेसिंग करायच्या, पण कामापुरतंच बोलायच्या. त्याने दोनदा माफी मागून पाहिली. एकदा त्या म्हणाल्या, "हात हलवू नका," आणि दुसऱ्या वेळी त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. शेवटच्या दिवशी पट्टीची गरज उरली नव्हती. त्यांनी नव्या कातडीवर मलम लावलं आणि म्हणाल्या, "मी दुसरी गाडी घेतली. पेट्रोलची. तपासून घेतली."

"कोणाकडून?"

त्यांनी पुलापलीकडच्या एका गॅरेजवाल्याचं नाव घेतलं. शीकाकाचा जुना प्रतिस्पर्धी, दोघांचं कधी पटलं नाही.

"चांगला माणूस आहे तो," शीकाका म्हणाला, आणि बाही खाली ओढून उठला.