शमालचा विल्फी थेम्सवर

दोह्यात बाल्कनी सकाळी झाडा, संध्याकाळी वाळू असतेच. विल्फीच्या किश्शांचं तसंच. आम्ही गोळा नाही केले, आपोआप साचले!

विल्फी वसईच्या कोळीवाड्यातला, आमच्या कंपनीत सेफ्टी इन्स्पेक्टर. पोस्टिंग मदिनत अश शमालला, म्हणजे कतारच्या पार वरच्या टोकाला. बायको दोह्यात नर्स. भेट फक्त शुक्रवारी. वेस्ट बेच्या ऑफिसात एक टेबल रिकामं झालं होतं. ते कोणाला द्यायचं, हे आमचा पीटरसाहेब ठरवणार होता. तेवढ्यात आम्हा दोघांना ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं, बर्कशायरमध्ये, थेम्सच्या काठी. पीटरचं गावच ते. सुट्टीवर होता. म्हणाला, "वीकेंडला मी फिरवतो."

विल्फी मला म्हणाला, "बाबा, इम्प्रेशन मारायचं. टेबल आपलंच!"

*

पहिल्याच शुक्रवारी विल्फी ट्रेनिंगला गायब! कतारमध्ये सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे मिस्साही शुक्रवारीच. सवयीने सूट घालून हा गावच्या जुन्या चर्चमध्ये गुडघे टेकून बसला. फादरचा पत्ता नाही. टूरिस्टांची बस मात्र आली. गाइड कुजबुजली, "शू! बघा, इथले स्थानिक लोक अजून किती श्रद्धाळू आहेत."

स्थानिक माणसाने फोटोला पोजही दिली.

*

शनिवारी पीटरने एका लॉर्डची हवेली दाखवायला नेलं. आतला गालिचा बघून विल्फीने दारातच बूट काढले. मागे आजी-आजोबांचा ग्रुप होता. एका आजींनी मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "सेफ्टी इन्स्पेक्टर."

खोटं कुठे होतं? सगळ्या ग्रुपने बूट काढले! पीटर बराच वेळ छताची नक्षी बघत राहिला.

*

रविवारी नदीकाठच्या टी-रूमसमोर गाडी लावून पीटर पार्किंगचं तिकीट काढायला गेला. म्हणाला, "तोवर चहा सांगा."

दोह्यात चहावाल्यासमोर गाडीतूनच हॉर्न मारायचा, दुधाचा कडक 'करक' चहा गाडीत येतो. विल्फीने मारला. कोणी येईना.

"ऐकू नसेल गेलं," मी म्हटलं. "जरा लांब वाजव."

नदीतले हंस उडाले. शेवटी एक माणूस आला. पोलीस होता. विल्फीने काच खाली केली.

"तीन करक चहा. साखर कमी!"

*

शेवटच्या रविवारी पीटरने बोट भाड्याने घेतली. सँडविच खाता खाता म्हणाला, "विल्फ्रेड, शमालची हवा तुला मानवते, नाही?"

विल्फीने सँडविच खाली ठेवलं.

पुढे लॉक आलं. बोट दोन दरवाजांच्या मधे घ्यायची, पाणी सोडलं की बोट हळूहळू खाली उतरते, मग पुढचा दरवाजा उघडतो. पीटर म्हणाला, "काठावरून दोर धर. पाणी उतरेल तसा सैल सोड."

"सर, माझ्या बापाची होडी आहे. दोराचं मला नका सांगू."

विल्फीने काठावर उडी मारली, दोराचे खुंटाला दोन वेढे दिले. पाणी उतरलं. दोर काही सुटला नाही. बोट एका अंगाने लटकली! सँडविच, पीटरची हॅट आणि मी, तिघंही एका कोपऱ्यात.

"विल्फ्रेड! सोड! यल्ला!"

विल्फी वरून वाकला. "सर, ते वेस्ट बेचं टेबल...?"

"तुझं! खलास! सोड!"

"शुक्रन, सर." दोर अजून हातातच. "आणि खिडकीजवळचं ना?"